बाराबंदी, पन्हा आणि पन्हाळा : मावळ्याचा वेष घरी शिवतोय, मदत हवी

धावदोरा | २४ मे, रात्री १०:५०

मंडळी नमस्कार. गेल्या आषाढात आमच्या गल्लीतल्या सहा जणांनी पन्हाळा ते पावनखिंड मोहीम केली. उत्साहाच्या भरात सगळ्यांनी मावळ्याची ड्रेपरी भाड्यानं आणली. मखमली बंडी, सॅटिनची सुरवार, शिवलेला तयार फेटा. पन्हाळ्यावर फोटो झकास आले. मसाई पठारावर पाऊस लागला आणि मखमलीनं अख्खा आषाढ पिऊन घेतला. बंडी अंगावर ओल्या गोधडीसारखी लोंबायला लागली. सॅटिन मांड्यांना चिकटलं. घरी आलो तर मान, पाठ, बनियन सगळं जांभळं. आई म्हणाली, "रंगपंचमी आत्ता कुठली रं?" ड्रेपरीवाल्यानं रंग गेला म्हणून डिपॉझिट कापलं ते वेगळंच. रंग गेला कुठं, तो माझ्या पाठीवर होता की!

तर यंदा स्वतः शिवायचं ठरवलंय. सुती बाराबंदी (बटणांऐवजी बारा बंदांनी बांधायचा अंगरखा), चोळणा (विजार), शेला, फेटा. मशीन वापरणार नाही, सगळं हातानं.

पेशानं मी फौंड्रीत पॅटर्न शॉपला आहे. लाकूड घासून पाव मिलिमीटरचं माप काढतो, म्हटलं कापड काय अवघड? घरातल्या शर्टाचा कागद काढला, कॉलर उडवली, बटणांच्या जागी बंद लावले. घालून आरशापुढं हात वर केला तर अख्खी बाराबंदी बेंबीपर्यंत वर आली. दांडपट्ट्याचा हात म्हणून जरा जोरात फिरवला तर काखेत टर्रकन गेली.

प्रश्न साधा आहे. जुनी माणसं हे घालून तलवार कशी चालवत होती?

मंगळवारपेठ_१ | २४ मे, रात्री ११:१५

भावा, बेंबी दिसली तर शत्रू हसून मरतोय. तलवार कशाला पाहिजे?

थट्टा सोड. आम्ही मर्दानी खेळाला ढगळा सदरा घालतो, तोच काखेत पहिला फाटतो. उत्तर मिळालं तर मलाबी सांग.

टीपकाम | २५ मे, सकाळी ६:३०

धावदोरा, तुमची चूक शिलाईत नाही, कागदात आहे. मी चाळीस वर्षं राजारामपुरीत शिलाईकाम केलं. शर्टाची बाही मुंढ्याला, म्हणजे खांद्याशी जिथं जोडतात तिथं, गोल कापून बसवतात. हात खाली सोडलेला असताना ती सुरेख दिसते, कारण ती हात खाली सोडलेल्या माणसासाठीच बेतलेली असते. ऑफिसात बसणाऱ्याला ठीक आहे. हात वर गेला की ती अंग ओढते.

जुन्या अंगरख्याला, बाराबंदीला गोल मुंढा नसतो. बाही म्हणजे सरळ चौकोनी तुकडा, सरळ कडेला सरळ जोडलेला. काखेत एक छोटा चौकोन तिरपा बसवतात, त्याला चौबगला म्हणतात. हात खाली असला की तो घडी पडून गप्प बसतो, वर गेला की उघडतो. अंगाचं कापड जागचं हलत नाही. तुमचा दांडपट्टा त्या चार इंचांच्या तुकड्यावर चालतो.

खांद्यावर शिवणही नसते. कापड खांद्यावरून मागं तसंच जातं, मध्ये गळ्याला भोक.

आता बेत सांगतो, कागदावर काढून घ्या. छाती अडतीस-चाळीस, उंची २८ इंच, कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ३६. कापड घ्या ५६ इंच लांब, म्हणजे दीड वारावर दोन इंच. पन्ह्यात ते उभं मधोमध चिरा. १८ इंचांचे दोन पट्टे झाले. एक पट्टा दुमडून पुढचं-मागचं अंग. दुसऱ्या पट्ट्यातून २० इंच कळ्यांना (घेरासाठी जोडायचे तिरके तुकडे) आणि १८-१८ दोन बाह्यांना. बेरीज करा, बरोबर ५६. त्या २० इंचांच्या तुकड्याचे ९-९ रुंदीचे दोन भाग करा. प्रत्येक भाग वर ३ आणि खाली ६ असा तिरका कापा. दोनाच्या चार कळ्या होतात, एक उलटी फिरवली की दुसरीच्या मापाची. चिंधीसुद्धा उरत नाही.

पुढचे पडदे, चौबगले आणि बंद यांना आणखी अर्धा वार. बाही मनगटाच्या वर चार बोटं राहील, ती तशीच हवी.

एक लक्षात ठेवा. कळीची एक कड सरळ आणि एक उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, असते. उरेब कडेला उरेब जोडली तर शिवण लोंबते आणि खालचा घेर वाकडा होतो. उरेबला कायम सरळ कड द्या.

धावदोरा | २५ मे, सकाळी ७:०५

काका, दंडवत. ड्यूटीवर निघालोय, पण बेरीज तीनदा करून बघितली. ५६ म्हणजे ५६! आमच्या पॅटर्न शॉपला हा बेत फळ्यावर काढून ठेवावा असा आहे.

इचलकरंजीकर | २५ मे, दुपारी १:२०

टीपकाम काकांच्या बेतामागं माग आहे, ते सांगायला आलो. आमच्या घरात तीन पिढ्या माग.

जुन्या हातमागावर विणकर एका हातानं धोटा (आडवा दोरा नेणारं साधन) फेकायचा आणि दुसऱ्या हातानं झेलायचा. त्यामुळं कापडाचा पन्हा माणसाच्या हाताच्या पोचेएवढाच. त्याहून रुंद विणायचं तर दोन माणसं लागायची. १७३३ साली इंग्लंडात जॉन के यानं दोरी ओढून धोटा पळवायची युक्ती काढली, तेव्हा ही अडचण संपली. आपल्याकडं ती फार उशिरा आली. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ चा.

म्हणजे अंगरख्याला कळ्या का? नुसती शोभा म्हणून नव्हे. घेर हवा आणि पन्हा अरुंद, म्हणून जोड देणं भाग. आज ५८ पन्ह्याच्या कापडातून लोक एकसंध घेर कापतात आणि वर नकली कळी दिसावी म्हणून लेस चिकटवतात. दुकानातला तयार 'पेशवाई' अंगरखा ओळखायची माझी खूण हीच : शिवणी शोधा. मापाला धरून जोड नसेल तर तो नाटकाचा.

मंगळवारपेठ_१ | २५ मे, दुपारी १:४०

थोडक्यात, पन्हाळ्याला जायचं तर आधी पन्हा बघायचा. 😄

खणाची_चोळी | २५ मे, रात्री ९:३०

इचलकरंजीकरांचं अगदी पटलं. खणाचंही तेच. गुळेदगुड्डचा खण अरुंद पन्ह्याचा आणि चोळीचा सगळा बेत त्या पन्ह्यावर. काठ कुठं बाहीवर येणार, कुठं पाठीला, ते कापड विणतानाच ठरलेलं. आता बायका ४४ पन्ह्याचं खणासारखं दिसणारं कापड घेतात आणि पाठीमागं चेन लावून ब्लाउज शिवतात. मग नथ घालून 'ऐतिहासिक' म्हणतात. राग नाही हो माझा, पण चेन बघितली की मला आपली विमानाची बॅग आठवते.

मी गेली सहा वर्षं गाठीची चोळी हातानं शिवतो आणि नऊवारी नेसतो. शिवलेली नऊवारी घालत नाही. नेसलेली कमरेला गच्च बसते, पळालं तरी सुटत नाही. शिवलेलीला इलॅस्टिक असतं आणि ते ऐन वेळी दगा देतं. अनुभव आहे, तपशील विचारू नये.

धावदोरा, मशीन नको म्हणालात ते उत्तम. सिंगरचं पेटंट १८५१ चं. त्याआधीचं जवळजवळ सगळं शिवण हातचंच. पण सगळीकडं धावदोरा घालू नका, नाव काहीही असो. लांब शिवणींना धावदोरा चालेल, मात्र दर चार-पाच टाक्यांनी एक टाका मागं घ्या. काख आणि चौबगल्याला पूर्ण उलटी टीप. दोरा मेणावरून ओढून घ्या, गुंता होत नाही.

आणि कापड आधी भिजवलं का?

सोलापुरी_चादर | २५ मे, रात्री १०:०२

खणाची_चोळी दादा, माहिती छान. पण तुम्ही नऊवारी नेसता हे वाचून जरा दचकलो.

बाराबंदी बघायचीच असेल तर जानेवारीत आमच्या सिद्धेश्वर यात्रेला या. नंदीध्वज धरणारे पांढऱ्या बाराबंदीतच असतात. दर वर्षी नव्या शिवल्या जातात, म्हणजे हा कपडा काही म्युझियममध्ये गेलेला नाही. नंदीध्वज भलताच जड आणि उंच, तो कमरेला पेलून चालायचं. त्या अंगमेहनतीला टिकणारा कपडा आहे हा.

खणाची_चोळी | २५ मे, रात्री १०:१०

दादा नव्हे, ताई. कोल्हापुरात आम्ही बायकाही 'येतो-जातो'च म्हणतो. पाहुण्यांनी दचकायची रीत जुनीच आहे. 🙂

धावदोरा | २६ मे, रात्री ११:३०

कापड भिजवलं नव्हतं ताई. लाज वाटते सांगायला. ओतकाम थंड होताना आकसतं म्हणून आम्ही पॅटर्न मुद्दाम मोठा करतो, पहिल्या दिवशी शिकवतात ते. आणि मांजरपाटाला तेच विसरलो. आज दोन तास बादलीत ठेवलं, पाण्यावर खळीचा तवंग आला. वाळल्यावर मोजलं तर लांबीत दीड इंच गेलेलं. आता नवीन तुकडा भिजवूनच कापणार.

करवीरसेवक | २८ मे, सकाळी ८:१५

सगळं वाचलं. कौतुक आहे. पण काही गोष्टी खटकल्या. मावळा म्हटलं की भगवा फेटा, कपाळी गंध, कमरेला तलवार. तुम्ही पांढऱ्या मांजरपाटाचा सदरा घालून पावनखिंडीत जाणार आणि त्याला इतिहास म्हणणार? बघणाऱ्याला वारकरी वाटेल. या मातीत बाजीप्रभू पडले. तिथं वेषाचे प्रयोग करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

इचलकरंजीकर | २८ मे, सकाळी ९:००

करवीरसेवक, मनापासून विचारतो : तुमच्या डोळ्यांपुढचा मावळा कुठून आला? माझ्या डोळ्यांपुढचा सिनेमातून आला. आपण कोल्हापूरकर, आपल्या आज्यांनी जयप्रभा स्टुडिओच्या फाटकाबाहेर उभं राहून शूटिंग बघितलेलं. भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक चित्रपटांनी महाराष्ट्राला तो वेष डोळ्यांत बसवला. ते काम मोठंच आहे. पण ते पडद्यासाठी केलेलं, आणि बरंचसं कृष्णधवल. रंगाचा प्रश्नच नव्हता.

महाराजांची समकालीन किंवा त्या काळाला लागून असलेली चित्रं बघा. डचांच्या संग्रहातली आहेत, मनुची या इटालियन प्रवाशानं मीर मुहम्मद या चित्रकाराकडून काढून घेतलेलं घोड्यावरचं पॅरिसला आहे. पगडी, तिला तुरा, घेरदार जामा, कमरेला पटका. मनुचीच्या चित्रात पायी चालणारी माणसंही आहेत, त्यांच्या कमरेची बांधणी निरखून बघा. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये अस्सल चित्र पुढं आणलं, त्याआधी भलतंच चित्र महाराजांचं म्हणून चालत होतं. म्हणजे डोळ्यांना सवय झाली म्हणून ते खरं, असं नसतं.

खणाची_चोळी | २८ मे, दुपारी २:४५

मी एवढंच म्हणतो की त्या रात्रीची गोष्टच वेषाची आहे. नेबापूरचा शिवा काशीद. महाराजांचा वेष घालून दुसऱ्या पालखीत बसला आणि सिद्दी जौहरच्या छावणीत गेला. परत येणार नाही हे माहीत असून. पन्हाळ्याला गेलं की मी त्याच्या समाधीपाशी थांबतो. तो जामा कुणी आणून दिला असेल, बंद कुणी बांधले असतील, असलं काहीतरी मनात येत राहतं. शिवणकाम करणाऱ्याच्या मनात दुसरं काय येणार!

वेषाचे प्रयोग त्या मातीला नवे नाहीत, करवीरसेवक.

करवीरसेवक | २८ मे, रात्री ९:२०

ताई, शिवा काशीदांचं नाव काढलंत, माझं बोलणं मागं घेतो. रंगाचं मात्र घेत नाही. फेटा तरी भगवा असू द्या.

धावदोरा | २८ मे, रात्री ९:३५

फेटा भगवाच घालतो, करवीरसेवक. आजोबांचा आहे, घरात तोच एक.

धावदोरा | ७ जून, रात्री ११:५५

झाली! [फोटो] टीपकाम काकांच्या बेतानं. अकरा रात्री लागल्या. हात वर करून काढलाय, बघा, कुठं काही वर गेलं नाही. बंद बारा, सहा जोड्या : तीन आत, तीन बाहेर.

करवीरसेवक | ८ जून, सकाळी ७:१०

काम सुबक आहे. पण बंद चुकीच्या बाजूला! त्या काळच्या चित्रांत हिंदू डाव्या काखेखाली बंद बांधतात, मुसलमान उजव्या. कोण कुठला हे चित्रावरून ओळखायची ती खूण आहे. तुमचे उजवीकडं आहेत. अकरा रात्री घालवून एवढी ढोबळ चूक?

मंगळवारपेठ_१ | ८ जून, सकाळी ७:३०

आयला. आता उसवणार?

टीपकाम | ८ जून, सकाळी ७:४५

उसवू नका. फोटोत मागं कॅलेंडर आहे. त्यावरची अक्षरं वाचून बघा.

इचलकरंजीकर | ८ जून, सकाळी ७:५२

उलटी आहेत! सेल्फी काढलाय गड्यानं. 😂

करवीरसेवक | ८ जून, सकाळी ८:०५

माफी असावी. चष्मा बदलायला टाकलाय.

धावदोरा | ८ जून, सकाळी ८:२०

तुमचा प्रतिसाद वाचून मी चहाचा कप तसाच ठेवून कपाटाकडं धावलो. घालून, डाव्या काखेखाली हात लावून बघितलं, मग जीव भांड्यात पडला. पण खरं सांगतो, हा नियम मला माहीतच नव्हता. शर्टाच्या सवयीनं डावा पदर वर घेतला असता तर बंद खरंच उजवीकडं गेले असते. आजी म्हणाली होती, "उजवा वर घे," म्हणून वाचलो.

पुढचा प्रश्न : रंग. शेला मंजिष्ठात लाल करायचाय. आणि पाऊस! रेनकोट घालून मावळा कसा दिसेल?

खणाची_चोळी | ८ जून, रात्री १०:००

सुती कापड मंजिष्ठाच्या पाण्यात नुसतं बुडवलं तर रंग धरत नाही, धुतलं की गेला. आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायचं, मग तुरटीचा हात द्यायचा, मग मंजिष्ठ. हिरड्यानं पिवळट होईल, घाबरू नका. उकळी फुटू देऊ नका, फार तापलं की लालाचा तपकिरी होतो. आणि भांडं लोखंडाचं अजिबात नको. हिरडा आणि लोखंड भेटले की काळं. मुद्दाम काळा हवा असेल तर गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात मुरवतात, तो वेगळा धंदा. तो काळा दिसतो देखणा, पण वर्षांनी कापड खातो.

एक मात्र आधीच सांगतो. घरी लाल जमेल तो विटेसारखा. दुकानातल्या लालासारखा भडक होणार नाही. रासायनिक रंग १८५६ नंतरचे, आपल्या डोळ्यांना त्यांचीच सवय. पहिल्यांदा मी रडायची बाकी होतो.

बिरदेवाचा_भंडारा | ९ जून, सकाळी ६:५०

पट्टणकोडोलीहून. रेनकोट कशाला? घोंगडं घ्या की. देशी मेंढीच्या लोकरीचं, हातमागावरचं. त्याची खोळ करून डोक्यावर घ्यायची, पाऊस वरनं ओघळून जातोय. आमचा म्हातारा अख्खा आषाढ तेवढ्यावर काढतोय.

नवं घेतलं की टोचतंय, कारण सुताला चिंचोक्याची खळ दिलेली असतीय. ती एकदम धुवून काढू नका, हळूहळू मऊ होतंय. आणि एक बघा : बाजारात ॲक्रिलिकचं 'घोंगडं' मिळतंय. एक धागा काढून जाळा. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर. प्लॅस्टिकसारखी गोळी झाली तर सोडून द्या.

मंगळवारपेठ_१ | ९ जून, सकाळी १०:३०

तलवारीचं काय? आमच्या आखाड्यातली आणू का?

संपादक | ९ जून, सकाळी ११:१५

इथं मध्ये पडावं लागतंय. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं धारदार हत्यार शस्त्र कायद्यात मोडतं. घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत, तलवार नाही. वेषाला शोभा म्हणून खरी तलवार घेऊन रस्त्यानं जाऊ नका आणि तसे फोटो इथं टाकू नका. लाकडी चालेल. पुढं चर्चा कपड्यांवरच असू द्या.

धावदोरा | ९ जून, दुपारी १२:४०

लाकडीच. सागवानाची करतो. हे काम तरी मला येतं!

पायात काय घालू? पापाच्या तिकटीवरनं कोल्हापुरी घेऊ म्हणतोय.

टीपकाम | ९ जून, दुपारी ३:००

बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं ते. भाताच्या चिखलात दोन दिवस घातलंत तर तिसऱ्या दिवशी पापड होईल. कोल्हापुरी पिशवीत ठेवा, फोटोला काढा. चालताना तुमचे रोजचे ट्रेकिंगचे बूट घाला. तिथं हट्ट करू नका, घोटा मुरगळला तर इतिहास उचलायला येत नाही.

करवीरसेवक | ९ जून, दुपारी ३:३०

मी हे काही न बोलता सोडून देतोय याची नोंद घ्यावी.

धावदोरा | १५ जुलै, रात्री ९:१०

परत आलो. पाय सुजलेत, म्हणून बसून सविस्तर लिहितो.

बाराबंदी : पहिल्या दिवशी तीनदा भिजली, तीनदा अंगावरच वाळली. काखेत घासलं नाही. चौबगला शाबूत. एका कळीची शिवण बोटभर उसवली, ती बरोबर तिथंच जिथं कंटाळून मी मागचा टाका घेतला नव्हता. ताई, तुमचा आत्मा शांत होवो.

चोळणा : गुडघ्याखाली घट्ट ठेवला ते चुकलं. चढाला पाय उचलेना. करपेवाडीच्या अलीकडं सुरीनं शिवण सोडली. पुढच्या वेळी तिथंही चौबगल्यासारखा तुकडा घालून बघतो.

शेला : विटकरी झाला, शेवटी चिखलाच्या रंगाचा. थोडा रंग बाराबंदीच्या कमरेला लागला, पण जांभळा नव्हे. आईला दाखवला.

घोंगडं : वास! ओल्या मेंढीसोबत दोन दिवस राहिलो. पण आतून खांदे कोरडे. बाकी पाच जण रेनकोटात घामानं भिजले होते. भिजल्यावर वजन मात्र भलतंच वाढतं, चढावर मंगळवारपेठ_१ नं ते आळीपाळीनं घेतलं.

जे कुणीच सांगितलं नव्हतं ते हे : भिजलेल्या सुती बंदाची गाठ सुटत नाही. मुक्कामाला बाराबंदी काढायला बसलो, सहाच्या सहा गाठी फुगून दगड. दात, नखं, सुई, काही चालेना. एका घरातल्या मावशींनी चिमणीच्या उजेडात बसून सोडवल्या, आणि सोडवताना हसत होत्या. म्हणाल्या, "सरगाठ मारायची की रं, लेकरा. नाडीला मारतोस तशी."

पावनखिंडीत पोचलो तेव्हा फोटो काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. एकच आहे, मंगळवारपेठ_१ नं नंतर गाडीत काढलेला. मी झोपलोय, तोंड उघडं, फेटा मांडीवर. [फोटो]

टीपकाम | १५ जुलै, रात्री ९:४०

सरगाठ सांगायची राहिली, चूक माझी. गुडघ्याचा तुकडा चौकोनी नको, शंकरपाळ्यासारखा कापा. रविवारी कागद घेऊन घरी या, काढून देतो.

सोलापुरी_चादर | १५ जुलै, रात्री १०:१५

फोटोत बंद कुठल्या बाजूला आहेत ते कळेना. सेल्फी नाही ना?

खणाची_चोळी | १५ जुलै, रात्री १०:२०

माझा आत्मा इतक्यात शांत करू नका, अजून जिवंत आहे मी. आणि तो उसवलेला टाका आजच घाला. उद्यावर टाकलात की घेर जाईल.

नवा_सभासद_कसबा_बावडा | १६ जुलै, सकाळी ७:००

मी आजच धागा वाचला. दसऱ्यापर्यंत मुलाला एक शिवायची आहे, वय नऊ, छाती २६. टीपकाम काका, ५६ चं किती करू? आणि ३६ पन्ह्याचा मांजरपाट लक्ष्मीपुरीत मिळेल का, की इचलकरंजीलाच जावं लागेल?